सुट्या भुशावर सापाला खाऊ घालताना

माझ्या पाळलेल्या सापाला, साळूला, दिलेला तिसरा की चौथा उंदीर ओला होता. गरम पाण्यातून काढला, दोनदा झटकला आणि तसाच चिमट्यात धरून पेटीत पुढे केला. तिने झडप घातली, विळखा मारला आणि त्या झटापटीत उंदीर भुशात चांगला लोळवला. विळखा सैल झाला तेव्हा रव्याचा लाडू खोबऱ्याच्या किसात घोळवावा तसा तो नारळाच्या भुशात घोळून निघाला होता. ती गिळायला लागली. जबड्याच्या कोपऱ्यात काथ्याचा एक लांब धागा अडकलेला दिसला आणि माझ्याने राहवेना. कापूस गुंडाळलेली काडी घेऊन तो काढायला गेलो. तिने मान झटकली, फुसकारली आणि अर्धा गिळलेला उंदीर सोडून आडोशात शिरली. पुढचे जवळजवळ तीन आठवडे तिने खाण्याला तोंड लावलं नाही.

तेव्हा मी सगळा दोष भुशाला दिला होता. आज ती आठ वर्षांची आहे, अजूनही नारळाच्या भुशावरच राहते आणि त्यावरच जेवते. चूक माझ्या ओल्या उंदराची होती आणि त्याहून मोठी चूक त्या काडीची. सांगली-सातारा भागात नव्याने साप पाळणारे मला पहिल्यांदा विचारतात ते हेच: "भुसा पोटात गेला तर?" म्हणून जे करतो ते क्रमाने लिहितो. साळू बॉल पायथन आहे, म्हणजे अजगराच्या कुळातली एक लहान परदेशी जात, त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील. कॉर्न स्नेक किंवा किंग स्नेक अशा दुसऱ्या परदेशी जातीचा साप असेल तर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

आधी कागद, मग साप

शेतात सापडलेली धामण, विहिरीवरचा दिवड, मांडूळ, अजगराचं पिल्लू, यातलं काहीही घरात ठेवायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि मांडुळाच्या नावाने तर आपल्या भागात किती अंधश्रद्धा आणि किती चोरटा धंदा चालतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. असा साप दिसला तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. शिराळ्याच्या नागपंचमीला पूर्वी जिवंत नाग पकडून मिरवत, तेही न्यायालयाने थांबवलं. आपल्या जिल्ह्यात सापाविषयी प्रेम आणि श्रद्धा भरपूर आहे. मला वाटतं, ते प्रेम रानातल्या सापाला रानात राहू देण्यात दिसावं.

पाळायचा तो परदेशी जातीचा, पिंजऱ्यात जन्मलेला, आणि विकणाऱ्याकडून कागद घेऊनच. बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या यादीत आहे. अशा प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर करावी लागते. साप घरी आल्यावर नाही, आणण्याच्या आधीच याची चौकशी करून ठेवा. विकणारा "कागदाचं नंतर बघू" म्हणाला तर तिथून उठून या.

भुसा कोणता घ्यायचा

मी वापरतो तो नारळाच्या सोडणाचा भुसा. नर्सरीत कोकोपीटची दाबलेली वीट मिळते, ती पाण्यात टाकली की फुगते. पण निव्वळ बारीक कोकोपीट नको. वाळलं की त्याची धूळ होते आणि ओलं झालं की ते पिठासारखं चिकटतं. मी दोन भाग सोडणाचे जाडसर तुकडे आणि एक भाग कोकोपीट असं मिसळतो. तुकडे नखाएवढे असले की उंदराच्या केसाला चिकटत नाहीत, आणि एखादा चिकटलाच तर डोळ्याला लगेच दिसतो. झाडांसाठी विकल्या जाणाऱ्या विटेत कधी कधी खत मिसळलेलं असतं, म्हणून वेष्टन नीट वाचा. साधी वीट घेतली तरी एकदोनदा पाण्यात धुऊन, पिळून, गच्चीत वाळवून मगच पेटीत घाला. थर दोन-अडीच इंचांचा पुरतो.

वखारीतला लाकडाचा भुसा फुकट मिळतो, म्हणून तो आणायचा मोह होतो. आणू नका. त्यात कुठलं लाकूड आहे हे वखारवाल्यालाही सांगता येत नाही. बाभूळ, साग, प्लायवूडची डिंकाळलेली पूड, सगळं एकत्र असतं, आणि ती बारीक धूळ सापाच्या एकुलत्या एक मोठ्या फुफ्फुसाला त्रास देते. सापाला डावं फुफ्फुस जवळजवळ नसतंच, अजगरवर्गात ते असतं पण लहान, तेव्हा श्वसनाचा आजार त्यांना जड जातो. देवदार आणि पाइनसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा तर अजिबात नको. त्यातलं तेल सापाला बाधतं.

आमच्याकडे साखर कारखाने जवळ, त्यामुळे "चिपाडाचा भुसा चालेल का?" असा प्रश्न येतोच. चिपाडात साखरेचा अंश राहिलेला असतो. पेटीतली ऊब आणि ओल मिळाली की ते आंबतं आणि बुरशी धरतं. भाताचं तूस टोकदार असतं, टाळूला टोचतं. वाळूही नको. कोरडी, सैल वाळू ओल्या तोंडाला लगेच चिकटते आणि पोटात साठली तर जड होते.

एक गोष्ट मात्र सर्वांना सांगतो. साप नवा असेल, आजारी असेल किंवा नुकताच खाल्लेलं ओकला असेल, तर पहिले एक-दोन महिने भुसा घालूच नका. जुनी वर्तमानपत्रं अंथरा. विष्ठा कशी आहे, गोचीड-माइट्स आहेत का, खाल्लेलं पचतंय का, हे कागदावर स्वच्छ दिसतं. साप रुळला, सलग पाच-सहा वेळा नीट जेवला की मग भुशावर न्या.

पोटात गेला तर काय होतं

साप रानात ताट-वाटी घेऊन जेवत नाही. माती, पाचोळा, गवत थोडंफार पोटात जातंच आणि विष्ठेतून बाहेर पडतं. धडधाकट, पाणी भरपूर प्यालेला, योग्य उबेत राहणारा साप नारळाचे दोन-चार तुकडे सहज बाहेर टाकतो. अडचण होते ती साप आतून सुकलेला असेल, पेटी थंड असेल आणि दर खेपेला मूठभर भुसा पोटात जात असेल तर. मग आतड्यात गोळा अडकू शकतो. तोंडाचा धोका वेगळा आहे. भुशाचा टोकेरी तुकडा हिरडीत रुतून राहिला तर तिथे जखम होते, पू होतो आणि तोंड सडायला लागतं. माझ्या मते नवख्याने पोटापेक्षा तोंडाकडे जास्त लक्ष द्यावं.

यामागचं कारण जबड्याच्या रचनेत आहे. सापाच्या खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीला एकमेकांशी पक्की जोडलेली नसतात, मध्ये ताणणारी ऊती असते. वरच्या बाजूला दातांच्या बाहेर दोन आणि आत दोन अशा रांगा असतात, आणि सगळे दात मागे वळलेले. गिळताना साप एकदा डावी बाजू पुढे सरकवतो, एकदा उजवी. जणू दोन हातांनी दोर ओढत विहिरीतून घागर वर घ्यावी तसा तो उंदीर आत ओढतो. या चालीत पुढे सरकणं आहे, मागे येणं नाही. उंदराला चिकटलेलं जे आत गेलं ते बाहेर थुंकायची सोय सापाकडे नाही. म्हणून सगळी काळजी उंदीर तोंडात जाण्याच्या आधी घ्यायची.

पेटीची ऊब

खाऊ घालण्याच्या आदल्या दिवशी तापमान बघा. बॉल पायथनला उबेच्या टोकाला ३१ ते ३३ अंश आणि थंड टोकाला २५-२६ अंश लागतं. कॉर्न स्नेकला उबेचं टोक २८ ते ३० अंश पुरतं. विजेवर चालणारी उबेची चटई थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका, आणि भुशाचा थर जाड असेल तर सेन्सर भुशावर नाही, चटईला चिकटवून ठेवा. नाहीतर वर ३० दिसतं आणि साप खाली उकरत गेला की भाजतो.

साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. वाई, पाचगणीकडे तर थंडी जास्तच. अशा दिवसांत वीज जायचा अंदाज असेल तर त्या रात्री खाऊ घालू नका. थंड पोटातला उंदीर पचत नाही, तो आतच कुजायला लागतो आणि साप ओकतो. उपास सापाला झेपतो, अर्धवट पचलेलं झेपत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा गावभागातलं आमचं घर सोडून आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे राहिलो. साळू उशीच्या अभ्र्यात, अभ्रा झाकणाच्या डब्यात, डब्याला भोकं, अशी ती आमच्याबरोबर होती. पाच आठवडे तिला काही दिलं नाही आणि तिचं काहीही बिघडलं नाही. फ्रिजमधला उंदरांचा साठा मात्र वितळला होता, तो सगळा जमिनीत पुरून टाकला. एकदा वितळलेला उंदीर परत गोठवायचा नाही, हा नियम पुरातही पाळायचा.

उंदीर कुठला, केवढा

जिवंत उंदीर देऊ नका. कोपऱ्यात सापडलेला उंदीर चावतो, आणि उंदराने डोळा फोडलेला, पाठ कुरतडलेला साप मी पाहिलेला आहे. शिवाय त्या उंदराच्या जिवाचाही विचार करायला हवा.

उसाच्या फडातला, गोदामातला, पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तर कधीच नको. आपल्याकडे उसात आणि गोदामांत उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड, ब्रोमॅडिओलोन सर्रास घालतात. विष खाल्लेला उंदीर नेहमी लगेच मरत नाही, ब्रोमॅडिओलोन खाल्लेला तर काही दिवस धडधाकट फिरतो. तो सापाच्या पोटात गेला तर विषही जातं. जंत आणि गोचिड्या येतात त्या वेगळ्याच.

खाऊ म्हणून वाढवलेले, मारून गोठवलेले पांढरे उंदीर विकत मिळतात. आमच्या भागात दुकानात ते क्वचितच सापडतात, मी पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून मागवतो. ऐन मे महिन्यात मागवू नका. डबा उघडल्यावर उंदीर मऊ लागला तर घेऊ नका. आकारांची नावं तीच चालतात: केस न आलेलं पिल्लू म्हणजे पिंकी, बारीक लव आलेलं फझी, उड्या मारायला लागलेलं हॉपर, मग पूर्ण वाढलेला.

आकाराचं माप सोपं आहे. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग बघा, उंदीर तेवढाच जाड असावा. भुशावर खाऊ घालायला सुरुवात करताना थोडा बारीकच घ्या. मोठा उंदीर गिळायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ओलं तोंड भुशाजवळ उघडं राहतं. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला दर ५ ते ७ दिवसांनी एक पिंकी, मोठ्या कॉर्न स्नेकला १० ते १४ दिवसांनी एक उंदीर. बॉल पायथनच्या पिल्लाला आठवड्याने, मोठ्या पायथनला दोन ते चार आठवड्यांनी. नवीन पाळणारे सापाला उपाशी ठेवत नाहीत, लठ्ठ करतात. दर रविवारी घरात मटण शिजतं म्हणून सापालाही दर रविवारी द्यायचं, असं नको.

घरातल्या फ्रिजबद्दल आईशी आधी बोला. श्रावणात, चातुर्मासात तर नक्की. आमच्या आईने स्पष्ट सांगितलं होतं, "माझ्या फ्रिजात उंदीर येणार नाही," आणि तिचं बरोबर होतं. मी जुना छोटा फ्रिज विकत घेतला. तेवढी ऐपत किंवा जागा नसेल तर घट्ट झाकणाचा स्वतंत्र डबा, त्यात पिशवी, त्यावर नाव, आणि घरच्यांची संमती. वितळवायचं भांडं, चिमटा, टॉवेल, सगळं वेगळं ठेवा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आणि उंदरांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. स्वयंपाकघरातलं पातेलं यासाठी वापरायचं नाही.

वितळवणं आणि कोरडा करणं

इथे वेळ द्या. भुशावरच्या जेवणाचं निम्मं काम इथेच होतं.

आदल्या रात्री उंदीर फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवा. लहान उंदीर रात्रीत सुटतो, मोठ्या घुशीएवढ्या उंदराला पूर्ण दिवस लागतो. संध्याकाळी तो बंद पिशवीत घाला, झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी उत्तम. हवा दाबून काढा आणि पिशवी गरम पाण्यात बुडवा. पाणी हाताला सोसेल इतकं गरम, ४० ते ४५ अंश. उकळतं पाणी नको, त्याने कातडी शिजते आणि पोट फुटतं. मायक्रोवेव्ह तर मुळीच नको. १५-२० मिनिटांनी पोट दाबून बघा. मध्ये गोठलेली गाठ लागली तर अजून थोडा वेळ ठेवा. आतून थंड उंदीर साप गिळतो, पण पुढे ओकतो.

बरेच जण उंदीर पिशवीशिवाय थेट पाण्यात टाकतात. उंदराची लव पाणी धरून ठेवते, वरून कोरडी वाटली तरी मुळाशी ओली राहते, आणि भुसा चिकटतो तो या ओलेपणामुळेच. पिशवीतून काढलेल्या उंदरालाही घाम सुटल्यासारखी ओल येते. तो जुन्या सुती पंच्यावर घ्या आणि केसांच्या उलट दिशेने पुसा, शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे मुळाचं पाणी टिपलं जातं. मग पाठीवरून बोट फिरवा. बोट कोरडं राहिलं पाहिजे. नाक आणि शेपटीचं बूड मुद्दाम बघा, तिथे थेंब हमखास राहतो. हिवाळ्यात मी केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा मिनिटभर देतो. त्याने दोन कामं होतात, उंदीर कोरडा होतो आणि डोकं गरम होतं. बॉल पायथनच्या ओठांवर ऊब ओळखणाऱ्या खाचा असतात. गरम डोकं दिसलं की ती नेमकी तिथेच धरते, आणि डोक्याकडून धरलेला उंदीर झटकन, कमी लोळवत गिळला जातो.

जेवायची जागा

पूर्वी सगळेच सांगत की साप जेवायला वेगळ्या टबात काढा, म्हणजे भुसाही लागणार नाही आणि पेटीत हात घातल्यावर तो चावणारही नाही. मी दोन वर्षं तसं करत होतो, आता करत नाही. भुकेलेल्या सापाला उचलायचं, अनोळखी टबात ठेवायचं, आणि पोट भरल्यावर, शिकारीच्या तंद्रीत असताना, पुन्हा उचलायचं. तो चावण्याची शक्यता त्याच वेळी सर्वांत जास्त, आणि भरल्या पोटी हाताळला तर ओकण्याचीही. पेटीत खाऊ घातल्याने साप हाताला चावरा होतो असं म्हणतात, पण माझा अनुभव वेगळा आहे. त्याला हात आणि जेवण यातला फरक शिकवता येतो. इतर दिवशी पेटी उघडली की आधी आकड्याने, म्हणजे वाकड्या टोकाच्या काठीने, त्याच्या मानेमागे हलकेच स्पर्श करा, मग हात घाला. महिन्याभरात तो शिकतो की स्पर्श म्हणजे जेवण नाही.

पेटीतच, पण भुशावर नाही, फरशीवर. शहाबादी फरशीचा फूटभर लांब-रुंद तुकडा कुठल्याही फरशीवाल्याकडे कचऱ्यात मिळतो. कडा घासून बोथट करा. तो उबेच्या टोकाला, भुशाच्या थरात असा बसवा की कडा भुशाच्या जरा वर राहतील, नाहीतर साप सरपटताना भुसा वर येतो. काचेच्या तळावर फरशी आधी टेकवा आणि मग भोवती भुसा भरा, म्हणजे साप तिच्याखाली उकरून चेपला जाणार नाही. मात्र फरशीच्या बरोबर खाली उबेची चटई नको, दगड तापतो. स्टीलचं ताट मी करून पाहिलं. ते घसरतं, वाजतं, आणि साळू स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघत बसायची. खडबडीत शहाबादी दगडावर उंदीर घसरत नाही आणि सापालाही पोटाची पकड मिळते.

लहान कॉर्न स्नेकसाठी एवढी मोठी फरशी नको. टाइलचा तळहाताएवढा तुकडा पुरे.

देताना

साळूला मी रात्री नऊनंतर देतो, घरातला टीव्ही बंद झाल्यावर. पेटीतला दिवा मालवतो, खोलीतला एक लांबचा ठेवतो. पाण्याचं भांडं बाजूला सरकवतो, कारण झडप घालताना ते सांडलं की भुसा ओला होतो. डोळे दुधाळ निळसर दिसत असतील तर ती कात टाकायच्या बेतात आहे. त्या आठवड्यात प्रयत्न करू नका.

चिमटा फूटभर लांब हवा, टोकाला रबर. उंदीर कमरेच्या मागे धरा, डोकं सापाकडे, आणि फरशीच्या मध्यावर आणा. सापाच्या तोंडावर नेऊ नका. घाबरलेला साप मागे सरतो आणि मग जेवतच नाही. साळूची जीभ आधी सावकाश येते-जाते. मग ती थांबते. मानेची इंग्रजी एस अक्षरासारखी घडी पडते. इथे हात हलवायचा नाही, फक्त मनगट थोडं थरथरवायचं. पुढचा क्षण डोळ्याला दिसतच नाही. दिसतो तो विळखा. चिमटा लगेच सोडा, ओढाताण करू नका, दात मोडतात.

ती उंदराला घेऊन भुशात जाऊ लागली तर? पिल्लं असं करतात, त्यांना आडोसा हवा असतो. फरशी आडोशाच्या दाराशीच ठेवली तर निम्मा प्रश्न सुटतो. तरीही गेलीच तर जाऊ द्या. कोरडा उंदीर आणि जाड भुसा असेल तर चार तुकडे लागतील, त्याने काही होत नाही.

विळखा सुटल्यावर ती जिभेने उंदराचं डोकं शोधते. ते दृश्य मला अजूनही सोडवत नाही. नाकापासून शेपटीपर्यंत जीभ फिरवते, परत येते, मग उंदराच्या नाकावर आपलं नाक टेकवते आणि जबडा उघडतो. डावीकडून एक ओढ, उजवीकडून एक. मध्ये खालच्या जबड्यातून एक फिकट गुलाबी नळी पुढे आलेली दिसते. ती श्वासनळी. तोंड भरलेलं असताना सापाला श्वास घेता यावा म्हणून ती बाहेर येते. नवीन माणूस ती पाहून हमखास घाबरतो. घाबरू नका आणि फोटोसाठी दिवाही लावू नका. तुम्ही फक्त बसा आणि बघा.

तोंडाला भुसा लागला तर

लागेलच कधीतरी. क्रम असा.

गिळत असताना काहीही करू नका. हात नाही, काडी नाही, पाण्याचा फवारा नाही. गिळून झाल्यावर साप दोन-तीन मोठ्या जांभया देतो, सरकलेला जबडा जागेवर आणतो, ओठ फरशीला किंवा आडोशाला घासतो. बहुतेक तुकडे या वेळी पडतात. फरशी खडबडीत असण्याचा हा दुसरा फायदा. मग पाण्याचं स्वच्छ भांडं जागेवर ठेवा. बरेच साप जेवल्यावर पाणी पितात आणि उरलेलं धुतलं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात न लावता, टॉर्चच्या मंद उजेडात तोंड बघा. ओठ नीट मिटलेले आहेत का? जीभ जिथून बाहेर येते त्या खाचेत काथ्याचा धागा अडकला आहे का? एखादा धागा बाहेर लोंबतोय पण साप शांत आहे, जीभ नीट बाहेर येतेय, तर अजून एक दिवस थांबा. ४८ तास होईपर्यंत साप हातात घ्यायचा नाही. त्यानंतरही धागा दिसला तर साप कुणालातरी नीट धरायला सांगा, बोथट टोकाच्या चिमट्याने धाग्याचं बाहेरचं टोक पकडा आणि तोंडाच्या बाहेरच्या दिशेने हळूच ओढा. सहज आला तर ठीक. अडला तर सोडा, तोंड उघडायचा प्रयत्न करू नका, डॉक्टरकडे न्या.

तोंड अर्धवट उघडं ठेवणं, श्वास घेताना घरघर, ओठांवर फेस किंवा बुडबुडे, हिरडीवर लाल ठिपके किंवा पिवळट घट्ट थर, सतत ओठ घासणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. गुरांच्या सगळ्याच डॉक्टरांना सापाची सवय नसते. साताऱ्याकडच्यांनी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी, नाहीतर पुण्यात परदेशी प्राणी बघणारे डॉक्टर आहेत. साप आणायच्या आधीच एका डॉक्टरचा नंबर लिहून ठेवा. हळद, मध, तुरटी, घरगुती काहीही त्या तोंडात घालू नका.

न खाल्लेला, ओकलेला

साप उंदराकडे बघत नसेल तर फरशीवर ठेवून दार लावा आणि निघून जा. दोन-तीन तासांत नाही खाल्ला तर काढून टाका, उन्हाळ्यात त्याहूनही आधी. भुशात उंदीर विसरला की दुसऱ्या दिवशी वासाने अख्खी खोली ते सांगते. मोठी बॉल पायथन हिवाळ्यात दोन-तीन महिने खात नाही, त्याला घाबरू नका. दर पंधरवड्याला वजन करा. वजन दहावा हिस्सा उतरलं तर काळजी करायची.

ओकला तर तो भाग भुशासकट उचला, चार बोटं खोलपर्यंत. तापमान तपासा. मग किमान १० ते १४ दिवस काहीही देऊ नका, फक्त पाणी. पोटातलं आम्ल आणि जंतू पुन्हा बसायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर कागद अंथरून, नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर द्या. लगेच दुसऱ्या दिवशी "उपाशी आहे बिचारा" म्हणून दिलेला उंदीर पुन्हा ओकतो, आणि दोनदा ओकलेला साप सावरणं अवघड जातं.

पावसाळा आणि उन्हाळा

जून ते सप्टेंबर भुसा आपणहून ओला राहतो. महाबळेश्वर, कोयनेच्या बाजूला तर पेटीत पाणी शिंपडायची गरजच पडत नाही. या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा भुसा खालून-वर करा. पांढरी बुरशी दिसली की तो भाग फेका. खाऊ घालायच्या दिवशी फरशीभोवतीचा वीतभर भुसा कोरडा करून घाला. मार्च ते मे मिरज-सांगलीकडे उलट होतं, भुसा पार सुकून धूळ उडते. तेव्हा थंड टोकाला रोज थोडं पाणी शिंपडा, म्हणजे धूळ बसेल, पण उबेच्या टोकाची फरशी कोरडी राहील. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के आर्द्रता पुरते.

जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी फरशी काढतो, गरम पाणी आणि साबणाने घासतो आणि गच्चीत उन्हाला ठेवतो. चिमटा आणि पंचा तिच्या शेजारी. वहीत एक ओळ लिहितो: तारीख, उंदराचं वजन, कसं खाल्लं, तोंडाला काय लागलं. परवाच्या मंगळवारची ओळ अशी आहे: "६० ग्रॅम, फरशीवरच, एक तुकडा ओठाला, जांभईत पडला."